कडक टायरांचा हंगाम

हळद शिजायला लागली की आमच्या रस्त्याला वास सुटतो आणि माझ्या उजव्या हाताला मुंग्या येतात. वास सगळ्यांना येतो, मुंग्या मला एकट्याला. यंदाही फाल्गुन लागला. आमच्या कुरुंद्याच्या शिवारात जागोजागी वाफेचे लोट दिसायला लागले. ओली माती, धूर आणि औषधाच्या दुकानासारखा उग्रपणा, असा तो वास सकाळच्या गारव्यात जमिनीलगत बसून राहतो. मी सायकल बाहेर काढली, हँडलवर हात ठेवला, तर अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं हजर नव्हती. होती जागेवरच. पण शाळेतल्या त्या पोरांसारखी, ज्यांची हजेरी दुसराच कुणीतरी देतो.

मी हळदीचा व्यापारी. वसमतच्या मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, माझं दुकान आहे. बापानं दिलेलं नाही, मी उभं केलं. सोळाव्या वर्षी काळ्या सायकलच्या कॅरियरला तराजू बांधून गावोगाव फिरत होतो, चार-चार पायल्या माल गोळा करत होतो. भांडल्याशिवाय मला कुणी काही दिलेलं नाही. त्यामुळे भांडण ही मला वाईट गोष्ट वाटत नाही, हत्यार वाटतं. लोक म्हणतात, ह्याच्याशी बोलताना माणूस दमतो. खरं सांगायचं तर आता मीही दमतो.

आमच्या धंद्यात हातात यंत्र कमी आणि बोट जास्त चालतं. हळकुंड उचलायचं, अंगठ्यानं दाबायचं, मोडायचं आणि ऐकायचं. कडक असलं, मोडताना खणकन वाजलं, तर माल सुका. दबलं, लवलं, तर ओला, आणि ओल्या मालाला पोत्यात बुरशी धरते. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे मी सगळंच अंगठ्यानं दाबून बघतो. टरबूज, गादी, नवी भिंत. कडक ते चांगलं, मऊ ते फसवं, हे माझ्या हाडात बसलं होतं. टायरही मी तसेच दाबून बघितले, आणि सगळं तिथून सुरू झालं.

साखर निघाली तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, चाला नाहीतर सायकल चालवा. चालायला मला वेळ नाही. हिंगोलीच्या एका साहेबाची बदली झाली होती आणि त्याची शर्यतीची सायकल विकायची होती. बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, एका हातानं उचलता येईल असं अंग. बदलीवाल्याकडून घेताना घाई त्याला असते, आपल्याला नसते. मी दोनदा उठून बाहेर गेलो, दोनदा त्यानं परत बोलावलं. शेवटी सायकल, पायानं हवा भरायचा, दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा पंप, आणि टायरांचे तीन जोड, असं सगळं घेऊनच मी उठलो. साहेबाची बायको दारातून म्हणाली, "आता घरातले पडदे तरी ठेवा." मला तो माझा सन्मान वाटला.

तीन जोडांतला एक जाड पोटाचा होता. आत काटा अडवणारी पट्टी, वर रबराचा थर. अंगठा लावला तर दबेना. पहिल्यांदा तोच चढवला. त्या टायरवर सायकल चालवणं म्हणजे गमबूट घालून चालणं. काटा लागत नाही, सराटा लागत नाही, पण रस्ताही लागत नाही. खाली डांबर आहे की मुरूम, काही कळायचं नाही. पायडलवर पाय मारला की ताकद कुठेतरी आतच जिरायची, जशी सरकारी कागदावरची सही जिरते. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी तो जोड चालवला. एकही पंक्चर झालं नाही आणि एकही दिवस मजा आली नाही.

दुसरा जोड बारीक, करंगळीहून थोडा जाड. त्यात पंपाचं घड्याळ शेवटापर्यंत नेऊन हवा भरली की अंगठ्याखाली दगड लागायचा. हळदीचा हंगाम लागला तसा मी तो चढवला आणि पहिल्याच सकाळी वाटलं, हाच. काय पळत होती! कुरुंद्याहून वसमतपर्यंत ताणलेल्या तारेसारखा आवाज. खालचा प्रत्येक खडा हातात कळायचा. मुठीत मधमाश्यांचं पोळं धरून चाललोय असं वाटायचं. दुपारच्या उन्हात डांबर मऊ झालं की चट् चट् असा चाटल्यासारखा आवाज. सिमेंटचा तुकडा आला की सांध्यासांध्याला ठक्, तो थेट दाढेत. रस्त्यावर कुणी हरभरा मळायला पसरलेला असला की त्या काडांवरून हे टायर सरकायचे, जीव मुठीत यायचा, आणि शेतकरी ओरडायचा, "अण्णा, ट्रॅक्टर पायजे व्हता, तुमची सायकल काय मळून राहिली!"

तिसरा जोड तपकिरी कडांचा, सुती धाग्यांच्या अंगाचा, बारक्यापेक्षा रुंद. तो दाबला तर अंगठा आत गेला. मी मनात म्हणालो, ओली हळद. पोत्यात घातला आणि माळ्यावर टाकून दिला.

टायरांचं हे वेड मला नवं नव्हतं, हे आता कळतं. तराजू बांधलेल्या त्या काळ्या सायकलचं मागचं टायर एकदा फाटलं होतं. नवं घ्यायची ऐपत नव्हती. फाटलेल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा बसवतात, त्याला गेटर म्हणतात. ते बसवल्यावर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा बुडाखाली टप् व्हायचं. टप्... टप्... टप्. चढाला हळू, उताराला भराभर. दोन पावसाळे मी त्या टप्-टपवर काढले. अंधारून आलं, रस्ता दिसेना, तरी त्या आवाजावरून कळायचं आपण किती वेगात आहोत. नवं टायर आलं तेव्हा चाक गुळगुळीत फिरायला लागलं आणि मला चार दिवस सोबत सुटल्यासारखं झालं.

ते गेटर बसवून दिलं होतं गफूरच्या वडिलांनी. गफूर तेव्हा माझ्याच वयाचा, चाक धरून बसलेला. आज दुकान त्याचं आहे. मोंढ्याच्या रस्त्याला, कडुनिंबाखाली पत्र्याचं शेड, शेजारी चहाची टपरी. त्याच्या घराण्यात तीन पिढ्या सायकली. मोटारसायकली आल्या, कितीजणांनी पाटी बदलली, यानं नाही. गफूरचा एक स्वभाव आहे. तो हळू बोलतो. इतका हळू की ऐकायला वाकावं लागतं. आणि एक गोष्ट एकदाच सांगतो.

त्या हंगामात रोज सकाळी मोंढ्यात जाताना मी त्याच्यापाशी थांबायचो. तो टायरावरून हात फिरवून सराटे काढायचा, नखानं, एकेक. एके दिवशी त्यानं टायर दाबलं आणि म्हणाला, "शेट, हवा लई हाय."

"असू दे."

"आपला रस्ता उघड्या खडीचा. येवढ्या हवेत चाक रस्त्याला धरत न्हाई, उड्या मारतंय. तुमच्या हाताला तकलीफ होईल."

"कडक हाय म्हणून तर पळती."

"पळत न्हाई," गफूर म्हणाला. "पळल्यावानी वाटती."

मी हसलो. मला वाटलं, ह्याला शर्यतीच्या सायकलचं काय कळणार. मग त्यानं विचारलं, बाकीचे जोड कसे आहेत. मी तपकिरी जोडाचं सांगितलं, लिबलिबीत म्हणून. "सुती हाय ना?" तो एवढंच म्हणाला. "ते आणा की एकदा." मी आणले नाहीत.

हातात मुंग्या तेव्हाच सुरू झाल्या होत्या. दुकानावर पोचलो की पाच-दहा मिनिटं अंगठा झोपलेला असायचा, मग जागा व्हायचा. मग अर्धा तास. मग दुपारपर्यंत. त्या सायकलच्या नळीच्या तोंडावर पितळेचा एक दाणा असतो, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. हवा भरायची तर तो आधी सैल करावा लागतो. एका सकाळी गफूरच्या समोर मी तो फिरवायला गेलो आणि बोटं दोनदा घसरली. मी म्हणालो, "तेल लागलंय." गफूरनं दाण्याकडे पाहिलं नाही. माझ्या हाताकडे पाहिलं.

आठवड्यानं मी तिथंच उभा होतो. फोनवर एका शेतकऱ्याशी सौदा चालला होता आणि सौद्यात मी असलो की मला बाजूचं काही दिसत नाही. मागून आवाज आला, स्सस्स. वळून बघतो तर गफूर पुढच्या चाकाशी बसलेला, मागच्याची हवा आधीच कमी केलेली. टपरीवर मोंढ्यातला एक आडत्या चहा पीत होता. तो ओरडला, "काय शेट, भाव उतरून राहिला का?" चारसहा जण हसले.

गफूरनं विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, म्हणून त्यानं विचारलं नाही. हे मला आज कळतं. तेव्हा माझ्या डोक्यात नुसता तो हसण्याचा आवाज होता. मी फोन बंद केला आणि मोंढ्यात ओरडतो तसा ओरडलो.

"कुणाला इचारून काढली? सायकल माझी का तुझी? तुमा लोकांना पंक्चरच्या पुढचं काय कळतंय?"

"तुमा लोकांना." पंक्चरचा हा टोमणा हल्ली मोबाईलवर रोज फिरतो, कोणाबद्दल फिरतो ते सगळ्यांना माहीत आहे. मी तो कधी पुढे पाठवला नव्हता, आणि याचा मला मनातून अभिमान होता. पण तोंडात तो तयार होता, हे त्या दिवशी समजलं. टपरीवरचं हसणं थांबलं. गफूरनं फडक्याला हात पुसले. "बराबर हाय शेट," म्हणाला, आणि दुसऱ्या एका चाकाच्या तारा आवळायला बसला.

दुपारी मी त्याच सायकलवर घरी निघालो. परत हवा भरून घेण्याइतपतही मला तिथं थांबायचं नव्हतं. राग इतका होता की दोन-तीन किलोमीटर मला रस्ता दिसलाच नाही. मग फाट्याच्या पुढं, जिथं खडी सगळ्यात उघडी आहे, तिथं एकदम लक्षात आलं की काहीतरी थांबलंय. मधमाश्या थांबल्या होत्या. चाक खडीवरून उडत नव्हतं, खडी पोटात घेत पुढं जात होतं. आवाज खाली गेला होता, तारेचा राहिला नव्हता. शेजारच्या पाटातल्या पाण्याचा आवाज ऐकू आला, तो मी सबंध हंगामात ऐकला नव्हता. आणि वेग कमी झाला नव्हता. नेहमीच्या वेळेच्या आधी मी घरी होतो.

इतकी चांगली फेरी मी आयुष्यात मारली नसेल. आणि तिचा मला इतका संताप आला की काय सांगू. एखाद्याला भर चौकात बोलून यावं आणि त्यानंच दिलेली भाकरी वाटेत खावी लागावी, आणि ती गोड लागावी, तसं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंप घेतला आणि घड्याळाचा काटा शेवटापर्यंत नेला. कळत असताना नेला. शेवटच्या चार दाबांना तर सगळं अंग पंपावर टाकावं लागलं. बायको, सुमन, अंगण झाडत होती. ती म्हणाली, "सायकल चालवून राहिले का तिच्यासंगं भांडून राहिले?"

मी म्हणालो, "तुला काय करायचं?"

"मला काय? गुंड्या मलाच लावाव्या लागून राहिल्या तुमच्या सदऱ्याच्या, म्हून इचारलं."

उरलेला सगळा हंगाम मी कडक टायरांवर काढला. गफूरच्या दुकानासमोरून जायचो, पण रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, मान सरळ ठेवून. ती कडा जास्त उखडलेली होती. एका रविवारी तर सिद्धेश्वरच्या धरणापर्यंत गेलो, नुसत्या जिद्दीवर. भिंतीवर उभा राहिलो, समोर पाणी पसरलेलं, मासे धरणाऱ्यांचे तराफे, आणि मला पाण्याची बाटली उघडता येईना. दातांनी उघडली. तिथं बघायला कुणी नव्हतं, तरी मी आजूबाजूला पाहिलं.

मोंढ्यात मात्र बघायला सगळे असतात. हंगामाच्या शेवटी एका ढिगापाशी मी उभा होतो. हळकुंड उचललं, दाबलं, मोडलं. अंगठ्यानं काहीच सांगितलं नाही. लिलावाच्या गलक्यात आवाजही नीट ऐकू आला नाही. मी रंगावर गेलो, "सुकी हाय," म्हणालो आणि माल घेतला. माझ्याकडे निवडायला बसणारी गयाबाई, साठीची, माझ्याहून आधीपासून हळदीत. तिनं पहिलंच पोतं ओतलं आणि मूठभर हळकुंडं माझ्यासमोर धरली.

"अण्णा, वली हाय की ही."

"कुठं वली? तुला दिसत न्हाई का?"

"दिसायचं काय त्यात," गयाबाई म्हणाली. "हाताला लागून राहिली."

मी तिच्यावर ओरडलो. ती खाली मान घालून निवडायला लागली. माल खरंच ओला होता. त्या दिवसापासून मी डाव्या हातानं बघतो, आणि कुणी विचारलं तर उजव्याला चटका लागलाय म्हणायचो, हळद लागलीय म्हणायचो, थंडी आहे म्हणायचो. डावा हात मोंढ्यात नवखा आहे. त्याला चाळीस वर्षं नाहीत. मी त्यानं दाबतो आणि बाकीचं अंदाजानं ओढून नेतो. ज्या दिवशी हे मोंढ्याला कळेल त्या दिवशी शेतकरी माझ्यासमोर ओला ढीग आणून टाकील आणि आडते गंमत बघत उभे राहतील, ही धास्ती होती. वर्षभर कुणाला कळलं नाही. हात बरा होईल की नाही, डॉक्टर नक्की सांगत नाही. शीर दबलीय, म्हणतो. वेळ द्या, म्हणतो. वेळ हा काय मोंढ्यात मिळतो?

उन्हाळ्यात, काम नसताना, मी माळ्यावरचं पोतं खाली काढलं. तपकिरी जोड मी स्वतः चढवला. चमच्याच्या दांड्यानं, डाव्या हातानं, सबंध सकाळ लागली, दोन नखं काळी झाली. हवा बेताची भरली आणि निघालो. काय सांगावं. ज्वारीच्या राशीवरून कुणी संथपणे हात फिरवावा तसा आवाज. जाड टायरला रस्ता कळतच नव्हता, बारीक टायर रस्त्याची प्रत्येक गोष्ट ओरडून सांगत होतं, आणि हे नुसतं सांगत होतं. इथं खडी आहे. इथं ठिगळ आहे. इथं मुळी डांबर फोडून वर यायला बघतेय. सगळं कळत होतं आणि काहीच लागत नव्हतं. वळणावर सायकल कलती केली तर टायर जमिनीला लेकरासारखं बिलगायचं. अंगठ्याखाली जे लिबलिबीत लागलं होतं तेच अंग चालताना असं जिवंत व्हायचं. ओली हळद आणि सुती टायर यांचा न्याय एक नाही, हे कळायला मला एक हंगाम आणि तीन बोटं लागली.

आणि हे सांगायला कुणी नव्हतं. सुमनला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं." मोंढ्यात सांगायची सोय नाही. ज्वारीच्या राशीवरचा हात म्हटल्यावर ज्याला चटकन कळलं असतं, ज्यानं डोळे मिटून "हौ, बराबर" म्हटलं असतं, असा तालुक्यात एकच माणूस होता.

त्या माणसाविरुद्ध माझं गाऱ्हाणं आहे. ते मी अजून सोडलेलं नाही. एवढी मोठी गोष्ट त्यानं एवढ्या हळू का सांगितली? आमच्या मोंढ्यात ज्याचं खरं असतं तो ओरडतो. जो हळू बोलतो त्याचा माल हलका, असं आम्ही धरून चालतो. त्यानं माझा दंड धरून सांगायचं होतं, शिवी द्यायची होती, हँडल हिसकावून घ्यायचं होतं. एकदा सांगितलं, सुटला. मी त्याला बोललो तेव्हाही उलट बोलला नाही. तो बोलला असता तर भांडण झालं असतं, आणि भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. भांडणं मिटवायला मला येतात. हे असं गप्प बसून त्यानं ते सगळं माझ्याच गळ्यात ठेवलं. हे गाऱ्हाणं मी सायकलवर कितीदा घोळवलं असेल. हल्ली घोळवताना मध्येच दम लागतो आणि ते अर्धवट राहतं.

मोंढ्याची एक रीत आहे. लिलावात बोललेली बोली मागं घ्यायची तर त्याच ढिगापाशी, त्याच लोकांसमोर, तेवढ्याच मोठ्यानं घ्यावी लागते. आडत्याच्या कानात सांगून बोली मागं जात नाही. तरुण व्यापारी ही चूक करतात, बाजूला नेऊन गोड बोलतात. मीच कितीतरी जणांना ढिगापाशी परत उभं केलंय. म्हणून दिवाळीला मी एकदा गफूरच्या घरी फराळाचा डबा पाठवला तेव्हा मला माहीत होतं की ही ती गोष्ट नव्हे. डबा धुऊन परत आला, आत मूठभर साखर घालून. आमच्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत. तेवढंच होतं ते.

आता यंदाची गोष्ट, गेल्या मंगळवारची. टायर कुठलंही असो, चार-पाच दिवसांत हवा बसते. पितळेचा तो दाणा मला फिरवता येत नाही, म्हणून वर्षभर तो सुमन फिरवून देत होती. मंगळवारी सकाळी मी सायकल तिच्यासमोर धरली, तर ती चुलीपुढून उठली नाही.

"मी न्हाई करत आता."

"काहून?"

"ज्याचं काम त्याच्याकडं न्या. वर्स झालं, पलीकडच्या कडंनं जाऊन राहिले. मला काय कळत न्हाई?" मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "ते भाई मेले तर मातीला तरी जाताल का न्हाई?"

मी तसाच निघालो. मागच्या चाकात अर्धीच हवा होती. खडीवर चाकाची कडा रस्त्याला टेकत होती, सायकल चिखलातून ओढल्यासारखी जड झाली होती. वसमतच्या अलीकडे तर उतरून हातानंच ढकलत नेली. मंगळवारचा बाजार, टपरीवर गर्दी. तोच आडत्या बाकावर बसलेला. गफूर एका सायकलची साखळी चढवत होता. त्यानं मला पाहिलं आणि साखळीच चढवत राहिला. नंतर एका बाईच्या सायकलचं ब्रेक बघितलं. नंतर एकाला नळी विकली. मी उन्हात उभा होतो. मी कुणासाठी असा उभा राहत नाही.

शेवटी म्हणालो, "हवा भरायचीय."

"पंप तितं हाय," गफूर म्हणाला. वर न बघता.

मी चाकाशी बसलो. दाणा धरला. बोटं घसरली. पुन्हा धरला, पुन्हा घसरली. डाव्या हातानं गेलो तर तारांमध्ये हात नीट पोचेना. मागून आडत्याचा आवाज आला, "काय शेट, कशात अडकून राहिले?"

थंडीनं, असं म्हणायला तोंड उघडलं. ऊन चांगलं तापलेलं होतं. मग मी उठलो आणि मोंढ्यातल्या आवाजात बोललो.

"बोटं चालत न्हाईत. वर्स झालं. अंगठ्याला काई कळत न्हाई. गेल्या साली मी हळद हातानं न्हाई, नशिबानं घेतली. ह्यानं मला सांगितलं व्हतं, हवा कमी कर. ह्याला कळत व्हतं, मला न्हाई. आन मी ह्यालाच बोललो, इतंच, तुमच्यासमोर. ते मागं घेतो."

चहावाल्यानं गाळणी हातात तशीच धरली होती. गफूर उठून आला.

"येवढ्या मोठ्यानं काहून?" तो म्हणाला. "मी काय बहिरा हाय?"

आडत्यानं अर्धा चहा बाकावर ठेवला आणि मोंढ्याच्या दिशेनं चालायला लागला. भराभर, मागं न बघता. दुपारपर्यंत ढिगाढिगाला कळलं असणार होतं. गफूर त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

"तो गेला सांगायला."

"जाऊ दे," मी म्हणालो.

गफूर उकिडवा बसला. दोन बोटांनी पितळेचा दाणा सहज सैल केला, पंप लावला, मागचं चाक भरलं. मग तपकिरी कडेवरून तळवा फिरवला, सराटा शोधतात तसा, पण सराटा नव्हता. हात तिथंच जरा वेळ राहिला. पुढच्या चाकाकडे सरकताना तो काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं नाही. मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो आणि कान जवळ नेला.

"पुढच्यात कमी ठेवतो," तो म्हणत होता. "हाताला तेच लागतंय."